सारंगखेड्याच्या अलीकडे

परत आल्यापासून मिरजेत जो भेटतो तो विचारतो, "काय मेजर, घोड्यांची यात्रा कशी झाली?" यात्रा मी पाहिलीच नाही. तापीच्या अलीकडच्या काठावरून पलीकडे उडणारी धूळ दिसली, वाऱ्याबरोबर नगाऱ्याचा आवाज आला, तेवढंच. इतक्या गाड्या बदलून, यात्रेच्या दारापर्यंत जाऊन, यात्रा न पाहता परतलेला बहुधा मी एकटाच असेन. का ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

मी जनावरांचा डॉक्टर. बासष्टच्या लढाईनंतर सैन्याला माणसं हवी होती, तेव्हा कॉलेजातून बाहेर पडलो तो थेट गणवेशात शिरलो. मेजर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रणगाडा येतो. माझ्या वाट्याला खेचरं आली. जिथे जीप चढत नाही तिथे दारूगोळा, पीठमीठ आणि कधीकधी जखमी माणसं खेचराच्या पाठीवरून जातात, आणि त्या पाठी शाबूत ठेवणं हे माझं काम. एकाहत्तरच्या लढाईत मी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. ज्या झाडल्या त्या आपल्याच जनावरांवर. हे मी कुठे फारसं बोलत नाही, कारण ऐकणाऱ्याला पुढे काय विचारावं ते कळत नाही.

त्या वेळी माझ्या तळावर हिंमत नावाचा खानदेशी जवान होता, खेचर हाकणारा. बोलायला कमी, कामाला वाघ. सैन्यातून सुटल्यावर तो दोंडाईच्याजवळ तापीकाठी आपल्या गावी शेती करू लागला. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, एकदा बघायला या, असं तो दरवर्षी कळवायचा आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात मात्र त्याचा ट्रंक कॉल आला. "साहेब, या सालले याच," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. बायको म्हणाली, "जाऊन या. म्हशींशी बोलून बोलून माणसांशी कसं बोलायचं ते विसरत चाललात."

रावेर

भुसावळला उतरून आधी रावेर गाठलं, कारण बायकोचा मावसभाऊ तिथे केळी पिकवतो आणि त्याला टाळून पुढे गेलो असतो तर घरी परतायची सोय राहिली नसती. उतरतानाच एक घोटाळा लक्षात आला. पिशवीतली निलगिरीच्या तेलाची बाटली सांडली होती. अर्धी वाचली, बाकीची माझ्या कपड्यांत मुरली. डब्यातली माणसं मघापासून माझ्यापासून लांब का सरकत होती त्याचा उलगडा झाला.

रावेरला रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, ट्रॅक्टरवर केळी, ट्रकमध्ये केळी, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे बघावं तर तिथेही केळीच. जेवायला मात्र वांगी. शेतातच तुरीच्या काड्या पेटवून त्यांत पांढरट हिरवी, हातभर लांब वांगी भाजली, सोलून लाकडी बडगीत मुसळानं ठेचली, आणि मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून पुढ्यात आली. आम्ही कृष्णाकाठचे लोक वांग्याच्या बाबतीत दुसऱ्या कुणाचं नाव ऐकून घेत नाही. तो अभिमान मी रावेरला पहिल्या घासाबरोबर गिळला. उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आमच्या भाकरीपेक्षा जड, पण भरिताबरोबर ती सरते कशी ते कळत नाही. मावसभावाची आई वाढतच होती. "घ्या ना भाऊ, लाजता काहाले? रातभर गाडीत बसून आले तुम्ही." मी लाजत नव्हतो. पोटात जागा नव्हती.

दोंडाईचा

सुरत लाइनच्या पॅसेंजरनं दोंडाईच्याला उतरलो. बाहेर घोडेवाल्यांची गर्दी होती. माझ्या खाकी टोपीवरून मला गिऱ्हाईक समजून एकानं हाताला धरून आपल्या घोड्यासमोर उभं केलं. सवयीनं मी घोड्याचं तोंड उघडून दात बघितले आणि वय सांगितलं. ते त्यानं सांगितलेल्या वयापेक्षा बरंच जास्त निघालं. त्याचा चेहरा उतरला आणि भोवती माणसं जमली. हिंमतनं मला तिथून ओढून काढलं नसतं तर माझी यात्रा स्टेशनातच पार पडली असती.

हिंमत थकला होता. केस पिकलेत म्हणून नव्हे. डोळे झोप नसल्यासारखे तांबडे होते. खाणावळीत त्यानं मला शेवभाजी खाऊ घातली. तेलाचा लाल तवंग बघून मला कोल्हापूरची आठवण झाली, पण हा तिखटपणा वेगळा, काळ्या मसाल्याचा, घशाखाली उतरल्यावर मग बोलणारा. मी घाम पुसत यात्रेचं काही ना काही विचारत होतो. हिंमत "दखू, साहेब" म्हणत होता आणि भाकरी कुस्करत होता, खात नव्हता.

बैलगाडीनं त्याच्या गावी पोचलो. आमच्याकडे घोडा लग्नाच्या वरातीपुरता दिसतो. इथे शेतकऱ्याच्या दारात गाईशेजारी घोडी बांधलेली असते आणि त्यात कुणाला विशेष वाटत नाही. त्याची थोरली बहीण अक्का, नवरा गेल्यापासून याच घरात राहणारी, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बठा भाऊ, चहा ठेवस," म्हणाली. हिंमत मध्येच म्हणाला, "चहा मंग. पहिले घोडी दखा, साहेब."

घोडी शेतातल्या झोपडीत बांधली होती. तांबूस रंगाची, जेमतेम तीन वर्षांची, नाव मैना. मान खाली, अंगात ताप. उजव्या नाकपुडीतून चिकट पिवळा स्राव. जबड्याखाली हात घातला आणि मला गाठ लागली, लिंबाहून मोठी, दगडासारखी कडक.

हिंमत माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "साहेब, पिस्तूल लई उनात का?" पिस्तूल आणलंय का, असं तो विचारत होता.

तेव्हा कळलं की मला यात्रेला बोलावलंच नव्हतं.

झोपडी

जे मला दिसत होतं ते त्यालाही दिसलं होतं, म्हणून त्यानं फोन केला होता. लढाईच्या वेळी आमच्या तळावर भाड्यानं घेतलेल्या खेचरांमधून ग्लँडर्स नावाचा रोग शिरला होता. त्यात असंच नाक वाहतं, अशीच गाठ येते. औषध नाही. एका जनावराचा रोग दहांना लागतो आणि माणसालाही लागतो, त्यामुळे रोगी जनावर मारून जाळायचं हाच कायदा. आम्ही तो पाळला. हिंमतची खेचरीण त्यांत होती. तिची दोरी त्यानंच धरली होती आणि गोळी मी घातली होती.

मला राग आला. "फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगतू ते तुम्ही सरकारी डाक्टर पाठाडतात," तो म्हणाला. "माले तुम्हीच पाह्यजे व्हतात. मना हातखाल व्हवाव नई हाई काम."

माझ्याही हातून सहज झालं असतं असं त्याला का वाटलं कोण जाणे. पिस्तूल मी सैन्य सोडतानाच जमा केलं होतं. मी त्याला सुनावलं, "हे बघ, मी कुणाला मारायला आलेलो नाही. आधी बघू काय आहे ते."

कारण दुसरीही एक शक्यता होती. तरुण घोड्यांना गळ्याच्या गाठीचा एक ताप येतो. सुरुवातीला अगदी हेच सगळं दिसतं. फरक पुढे पडतो. त्या तापातली गाठ पिकते, फुटते, पू वाहून जातो आणि जनावर वाचतं. ग्लँडर्सची गाठ कडक ती कडकच राहते. टॉर्च घेऊन मी मैनेच्या नाकात जितकं आत दिसेल तितकं पाहिलं. जखम दिसली नाही. पण दिसली नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायची माझी छाती नव्हती.

"रोग आला कुठून?" मी विचारलं. "बाहेरचं जनावर आणलंस?"

"नई साहेब. उलटा एक ईकं."

दिवाळीला त्यानं म्हातारा घोडा एका व्यापाऱ्याला विकला होता. तो खोकत होता, नाकाला पाणी होतं; सर्दी समजून सोडून दिलं. मैनेच्या तोंडावर जी दोरीची म्होरकी होती ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. जुनी, काळपट, घामानं चिवट झालेली, नाकावरच्या पट्ट्याला वाळलेली खपली.

"ही त्या घोड्याची?"

उत्तर आमच्या मागोमाग झोपडीपर्यंत आलेल्या अक्कानं दिलं. "म्होरकी कोनी देस का भाऊ? जनावरसंगे म्होरकी दिधी ते घरनी बरकत जास."

आमच्याकडेही जनावर विकताना दावं देत नाहीत. पण आम्ही ते खुंटीला टांगून ठेवतो आणि नव्या जनावराला नवं दावं करतो. यांच्याकडे ती बरकत वाया जाऊ नये म्हणून लगेच पुढच्या जनावराच्या तोंडावर चढते. म्हाताऱ्या घोड्याच्या नाकातलं सगळं हिंमतनं आपल्या हातानं मैनेच्या नाकाला बांधलं होतं. ज्या माणसाला सैन्यात प्रत्येक खेचराचा तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा वेगळा ठेवायचा हे झोपेतही ठाऊक होतं, त्यानं. मी त्याला तसं म्हणालोही, जरा जास्तच मोठ्यानं. तो खाली बघत म्हणाला, "ते सैन्यनं व्हतं, साहेब. हाई घरनं शे."

मी म्होरकी काढून झोपडीबाहेरच्या चुलीत घालायला सांगितली. अक्का आडवी आली. वडिलांच्या हातची होती म्हणाली. मी तिला म्हणालो, "अक्का, या दोरीनं घोडी गेली तर त्यात कसली बरकत? आणि हा रोग तुम्हालाही लागू शकतो."  मग काठीनं ती म्होरकी उचलून तिनंच चुलीत टाकली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, पण जेवायला मात्र वेळेवर वाढलं.

गाव

सकाळी दोंडाईच्याला जाऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. यात्रेच्या ड्यूटीवर निघायच्या घाईतही भला माणूस बसून ऐकत राहिला. पापणीत सुई टोचून करायची एक चाचणी असते. रोग असला तर एकदोन दिवसांत तो डोळा सुजून बंद होतो. त्या सुईतल्या द्रवाची कुपी जिल्ह्यात नव्हती, बाहेरून मागवावी लागणार होती. ती येईपर्यंत घोडी वेगळी ठेवायची आणि तिच्याबरोबर एकाच हाळावर पाणी प्यालेले घोडे गावाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असं आमचं ठरलं.

त्या हाळावर गावातले सगळे घोडे पाणी पीत होते. यात्रा दोन दिवसांवर आली होती.

संध्याकाळी नाना आले. गावातले वजनदार गृहस्थ, पांढरी टोपी, वर्षभर खुराक चारून तयार केलेला एक देखणा पांढरा घोडा. खाटेवर बसले, पान लावलं, माझ्या गावची विचारपूस केली. मग म्हणाले, "सालमा एकदाव यात्रा भरस, डाक्टर. घोडा अठे बांधीसन मी काय करू? यात्रा व्हवू द्या, मंग काय ते दखा."

"नाना, तिकडे हजारो घोडी आहेत. एकाला लागलं तर पंजाबपर्यंत जाईल."

"आनि तुमनंच चुकनं ते?"

"तर मी चुकलो म्हणून सगळ्या गावासमोर सांगेन. पण घोडा नदीपार जाणार नाही."

"कोन आडवस तेच दखतू."

"मी अडवतो," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गावाच्या तोंडाशी, नदीकडच्या वाटेवर, खाट टाकून बसलो. हिंमत शेजारी उभा राहिला, सैन्यात राहायचा तसा. नाना घोडा घेऊन आले, थांबले, आमच्याकडे बघत राहिले. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी घोडा वळवला. जाताना हिंमतला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसाला मी चार दिवसांनी सोडून जाणार त्याला या गावात जन्म काढायचा होता, याची जाणीव मला तेव्हा झाली आणि वाईट वाटलं. पण खाट मी हलवली नाही.

मैना

या सगळ्यात मैना खंगत होती. गाठ सुजून गळ्याला आवळू लागली होती. घास गिळवेना, पाणी नाकातून परत येऊ लागलं. मी अळशी शिजवून गाठीवर गरम पोटीस बांधत होतो. तोबऱ्यात गरम कोंडा आणि निलगिरीचं वाचलेलं तेल घालून तिला वाफ देत होतो. हात धुवायला लाल औषधाची बादली दारात ठेवली होती आणि धुतल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नव्हतो. अक्काला झोपडीत यायची बंदी केली होती. ती बंदी तिनं एका दिवसात मोडली. "मना हातखाल वाढेल शे ती," म्हणाली आणि मी दिलेलं फडकं तोंडाला बांधून घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याशी भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

यात्रेचा मुख्य दिवस उजाडला. पलीकडून नगाऱ्याचा आवाज येत होता. दुपारी मैनेचा श्वास घरघरायला लागला. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या, डोळे बाहेर आले होते. गाठ अजून कडकच. हिंमतनं तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळला. "साहेब, सोडवा तिले. इंजेक्शन दी द्या. इतलं हाल दखावत नई."

माझ्या बॅगेत ते होतं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. ग्लँडर्स असेल तर मी अक्काला, हिंमतला आणि स्वतःला विनाकारण मरणाच्या तोंडी देत होतो. नसेल तर इंजेक्शन देऊन बरी होणारी घोडी मारणार होतो. सैन्यात निदान वरून हुकूम यायचा.

"नाही," मी म्हणालो. "श्वास बंद पडला तर गळ्याला छेद देऊन नळी घालीन. पण मी तिला अंदाजावर मारणार नाही. पाणी तापव."

तो हलला नाही.

"हिंमत, पाणी तापव."

"जी साब," तो म्हणाला आणि चुलीकडे गेला.

दुपारभर आम्ही पोटीस बदलत राहिलो. एक निवलं की दुसरं. माझे तळहात भाजून लाल झाले. अक्का मैनेच्या कानात पुटपुटत होती, देवाचं की तिचंच काही, कळलं नाही. ऊन उतरताना मी पुन्हा गाठीवर बोटं फिरवली. वरून कडक, बाजूने कडक, आणि खालच्या अंगाला, अंगठ्याएवढ्या जागेत, बोट किंचित आत गेलं.

मी दोनदा तपासलं. मग हिंमतला म्हणालो, "डोकं धर. घट्ट."

त्यानं धरलं. मी पातं टोचलं आणि खाली ओढलं. घट्ट, पिवळट पांढरा पू धारेनं बाहेर आला, माझ्या हातावर, शर्टावर, हिंमतच्या पायांवर. वास असा की घरच्या माणसानंही पळून जावं. मी तिथेच हसत उभा होतो. आयुष्यात कुठल्या अत्तरानं मला इतकं बरं वाटलं नव्हतं. गाठ पिकली होती. मैनेला गळ्याचा ताप होता, दुसरं काही नव्हतं.

अक्कानं विचारलं, "मरस का जगस, भाऊ?"

"जगते, अक्का."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घोडीसाठी पेज करायला घरी निघून गेली. जखम धुऊन, पेनिसिलिन देऊन होईपर्यंत मैनेचा श्वास मोकळा झाला होता. अक्का परत आली तेव्हा घोडीनं पातळ पेज चाटली, घोट घेतला, आणि तो नाकातून परत आला नाही.

नानांच्या घरी मी स्वतः गेलो. ग्लँडर्स नव्हता, शंका खोटी ठरली, असं त्यांच्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं. आणि हा तापही घोड्याघोड्याला लागतोच, तेव्हा घोडा अजून काही दिवस नेऊ नका, हेही सांगितलं. नाना चिडलेलेच होते, पण चहा पाजल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही. दोंडाईच्याच्या डॉक्टरांना निरोप धाडला.

निघायच्या सकाळी गाठीतून अजून थोडा पू येत होता आणि मैना हिरव्या घासाकडे मान लांबवत होती. हिंमत मला सोडायला स्टेशनवर आला. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. 

"साहेब, एक ईचारू?"

"विचार."

"तठे भी आपुन थांबतूत ते?" तो म्हणाला. "मनी खेचरीन भी जगती का?"

म्हणजे सतरा वर्षं हा माणूस हे घेऊन राहत होता.

"नाही, हिंमत," मी म्हणालो. "तिथे चाचणीची सोय होती. मी प्रत्येकीच्या पापणीत सुई टोचली होती आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीचा डोळा स्वतः बघितला होता. तुझ्या खेचरिणीचा डोळा सुजून पार बंद झाला होता. थांबलो असतो तर ती हाल होऊन मेली असती आणि बाकीच्यांना घेऊन गेली असती. तिथे शंका नव्हती."

"माले कोनी सांगंच नई," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. खेचर हाकणाऱ्याला हुकूम मिळतो, रोगाचं निदान कुणी सांगत नाही.

गाडी आली. त्यानं माझी पिशवी आत ठेवली, खाली उतरला आणि खिडकीचे गज धरून उभा राहिला. गाडी हलली तरी त्यानं हात काढले नाहीत, चार पावलं बरोबर चालला.

"मंग मी तिले बरोबर धरं व्हतं, साहेब," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "बरोबर धरलं होतंस."